पक्क्या रंगाची मिशी

मनुष्याच्या ओठावर उगवणारी मिशी त्याच्या मालकीची असते, हा फार जुना गैरसमज आहे. तिला तेल तो लावतो, पीळ तो देतो, शेवयांच्या खिरीतून ती बाहेर काढून पुसतोही तोच. पण मालकीचा प्रश्न निघाला की बाप जिवंत असल्यास पहिला हक्क बापाचा, दुसरा आळीचा, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तिसरा होणाऱ्या व्याह्याचा. एवढे सगळे वजा जाता जी मिशी उरेल तिच्यावर त्या गृहस्थाने खुशाल ताव द्यावा.

हे सत्य आम्हाला सन १९५५च्या वैशाखात, नागपूरच्या तांडापेठेत, पाच दिवसांत कळले. मी आमच्या आळीच्या विणकर सोसायटीचा चिटणीस. सोसायटीचे इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे त्यात खोटे सापडणार नाही (खरे फार सापडेल असेही नाही).

मिशी शालिकरामची. शालिकराम माझा भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि सूत रंगवण्यात अख्ख्या पेठेत त्याच्या तोडीचा माणूस नाही. त्याच्या दारावर पाटी आहे : ‘लुगडे फाटेल, रंग उतरणार नाही.’ ही नुसती बढाई नव्हे. आमच्याकडे अशा बायका आहेत की ज्यांच्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडीचे पोतेरे झाले, आणि पोतेऱ्याचा काठ अजून लालच्या लाल आहे.

शालिकरामची मुलगी अठरा वर्षांची झाली होती आणि तोवर चार ठिकाणचे पाहुणे पोहे खाऊन गेले होते. चौथ्यांनी जाता जाता कारणही सांगितले. म्हणाले, मुलगी छान आहे, पण बाप म्हातारा दिसतो. दिवाळसण झाला, अधिकमास झाला, हे सगळे करायला तो पुरतो की नाही कोण जाणे. आता शालिकराम बावन्न वर्षांचा, दगडासारखा ठणठणीत. दोष सगळा मिशीचा, कारण ती कापसासारखी पांढरी होती. पाचवे पाहुणे उमरेडहून येत्या रविवारी यायचे होते. हे स्थळ आणणारी शालिकरामची बहीण प्रयागबाई. तिने बजावून सांगितले की हे हातचे गेले तर सहावे शोधायला ती उंबरठा ओलांडणार नाही. पोरीचे लग्न मिशीमुळे अडले, हे शालिकरामच्या जिवाला फार लागले होते. तेव्हा मिशी काळी करणे प्राप्त झाले.

इतवारीच्या बाजारात खिजाबाची पुडी मिळते. सामान्य माणूस ती आणतो, लावतो आणि पंधरा दिवस तरुण राहतो. पण शालिकराम पडला रंगारी. दुसऱ्याने केलेला कच्चा रंग आपल्या तोंडाला लावायचा म्हणजे सोनाराने बायकोला पितळेचे डोरले घालण्यासारखे होते. बुधवारी सकाळी त्याने स्वतःचेच हंडे तापवले. सूत काळे करायचे तर आधी निळ्यात बुडवायचे, वाळवायचे, मग तांबड्यात बुडवायचे, असे तीन वेळा. त्याने मिशीला हाच विधी लावला. स्वतः पाटावर पालथा पडून, मान हंड्यावर धरून तो मिशी बुडवी, आणि प्रयागबाई बाजूला बसून शंभरापर्यंत आकडे मोजी.

सुतावर यातून काळा रंग येतो. मिशीवर वांगी आला.

वांगी म्हणजे भरताच्या वांग्याचा, चकाकीसकट. (लुगड्यावर हा रंग फार खुलतो.) ओठाच्या कातडीवरचा रंग दुसऱ्या दिवशी घासून निघाला, त्यामुळे मिशी आणखीच उठून दिसू लागली. वैशाखातल्या उन्हात नागपूरचा माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच फिरतो, म्हणून रस्त्यावर कोणाला संशय आला नाही. पण शालिकराम घरात, सावलीत, पाणी पितानासुद्धा दुपट्टा काढीना, तेव्हा आळीला कळायचे ते कळले.

प्रकरण घरगुती राहिले असते तर चार उपायांत आटोपले असते. परंतु मी सोसायटीची तातडीची सभा बोलावली. पाच जणांची ‘मिशी रंगमुक्ती उपसमिती’ नेमण्यात आली आणि कामकाज शालिकरामच्या ओसरीवर, त्याच्याच चहावर, सुरू झाले. त्यानंतर झालेले प्रयोग इतिवृत्तातून उतरवतो. लिंबे अकरा : रंग तसाच, डोळ्यांतून पाणी. रिठे अर्धा शेर : फेस उत्तम. आंबट ताकाचा लेप, दोन तास : रंग तसाच, मात्र आळीतले बोके शालिकरामच्या मागे. चुलीतली राख, चिंचेचा कोळ, बेसन : पहिल्या दोहोंनी काही झाले नाही, तिसऱ्याने भूक लागली. मिट्टीचे तेल : लावल्यापासून शालिकरामला चुलीजवळ जाण्यास बंदी. धुण्याचा सोडा : मिशी ताठ झाली आणि पूर्वीपेक्षा जास्त चमकू लागली.

चंद्रभान धोब्याला तज्ज्ञ म्हणून बोलावले. त्याने मिशी उजेडात फिरवून पाहिली, दोन केस ओढून पाहिले, आणि हा डाग भट्टीशिवाय निघायचा नाही असा लेखी अभिप्राय अंगठ्यासह दिला. भट्टीत कपडा एकटा जातो. मिशीबरोबर शालिकरामही जाणार असल्यामुळे ही सूचना तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली गेली.

(या सभेत शालिकरामची मुलगी चहा घेऊन आली असता काही सांगू लागली. तिला आत पाठवण्यात आले.)

मला या काळात शालिकरामच्या मनाचे फार कौतुक वाटे. एकेक उपाय हरला की बाप म्हणून तो कपाळाला हात लावी, आणि लगेच रंगारी म्हणून तोच हात खाली आणून मिशीला पीळ देई. अकरावे लिंबू वाया गेले तेव्हा तर त्याच्या चेहऱ्यावर दुःख होते की समाधान, हे उपसमितीला ठरवता आले नाही. ‘‘इतवारीतला कोन्ता रंग टिकला असता गा?’’ एवढेच तो म्हणाला. वरून इतवारीचा काळा खिजाब चढवूनही पाहिला, पण पक्क्या रंगावर कच्चा रंग बसत नाही. तो अर्ध्या तासात ओघळून सदऱ्यावर आला आणि सदरा मात्र कायमचा काळा झाला.

आता वाचक म्हणतील, मिशी काढून का टाकली नाही? वाचकांना सोपे उपाय लवकर सुचतात. उपसमितीलाही तो शुक्रवारी सुचला होता. पण शालिकरामचे वडील ईश्वरदास, वय एक्क्याऐंशी, त्याच ओसरीवर खाटेवर बसून आमचे कामकाज ऐकत होते. बाप गेल्याशिवाय पोराने मिशी उतरवायची नसते. न्हावी दारात आलेला पाहून म्हातारा उठून बसला.

‘‘मी अजून दोन्ही वेळ जेवून राहिलो ना गा, शालिक? मंग हे मिशी कोनाच्या नावानं उतरवून राहिला?’’

न्हावी आल्या पावली परतला. शिवाय व्यवहाराची बाजू होतीच : सफाचट ओठ पाहून उमरेडचे पाहुणे घरात सुतक आहे असे समजणार आणि दारातूनच दुःख व्यक्त करून माघारी जाणार. (उपसमितीने याच बैठकीत ईश्वरदासांच्या प्रकृतीची चौकशी केली. ती उत्तम निघाली. तो विषय तिथेच सोडण्यात आला.)

शनिवारी शालिकराम खचला. ओसरीच्या खांबाला टेकून मला म्हणाला की, चंपतराव, चार जागी पोरीले नाही म्हनलं ते माह्या पांढऱ्या मिशीपायी, आता हे जाईन ते या मिशीपायी; बापानं पोरीचं किती वाटोळं करावं? सोसायटीच्या वतीने मी त्याला धीर दिला आणि सर्वानुमते ठराव केला की पाहुण्यांसमोर दुपट्टा सोडू नये, दाढदुखी सांगावी. (मुलगी पुन्हा काही बोलू पाहत होती. मी तिला समजावून आत पाठवले.)

रविवारी दहाच्या सुमारास उमरेडहून मुलासह अकरा माणसे आली. मुलाचे वडील रुपराव, स्वतः मोठे विणकर, पाच मागांचे धनी. दाढदुखीबद्दल सर्वांनी हळहळ व्यक्त केली. लवंगेपासून तंबाखूपर्यंत नऊ औषधे सुचवली आणि त्यातली चार लगेच हजर केली. त्यात पोहे आले. यजमान खात नाही तोवर रुपराव बशीला हात लावीनात, आणि दुपट्ट्यावरून पोहे खाण्याची रीत आमच्या पेठेत अजून निघालेली नाही. शालिकरामने एकदा माझ्याकडे पाहिले, डोळे मिटले आणि दुपट्टा सोडला.

ओसरीवर इतकी शांतता झाली की ईश्वरदासांचा पोहे चावण्याचा आवाज ऐकू आला. रुपरावांनी बशी बाजूला ठेवली, पुढे सरकले आणि मिशीजवळ नाक नेऊन बराच वेळ पाहिले.

‘‘हा रंग कोनाच्या हातचा?’’

‘‘माह्याच,’’ शालिकराम खाली मान घालून म्हणाला. ‘‘पाच दिवस झाले, उतरून नाही राहिला.’’

रुपरावांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र दुपट्ट्याचे टोक तांब्यात भिजवले आणि मिशी घासली. टोक उन्हात धरून पाहिले. पांढरेच. पुन्हा घासली, जोराने. मग त्यांचे भाऊ उठले, मग मेहुणे, मग वयाप्रमाणे सर्वांनी घासून पाहिले. दोघांनी केस मोजले, एकाने वास घेतला. तासभर शालिकराम खुर्चीवर बसून होता आणि उमरेडची मंडळी त्याला उजेडाकडे वळवत होती, वर बघ, खाली बघ, जरा हस म्हणत होती. (दरम्यान मुलगीही दाखवण्यात आली. ती पाटावर बसली, आणि कोणी काही विचारीना तेव्हा उठून आत गेली.)

शेवटी रुपराव म्हणाले की उमरेडला तीस वर्षे खपूनही असा वांगी आला नाही, आणि ज्याचा रंग इतका पक्का त्याच्या शब्दाला काय पाहायचे? सोयरीक जमली. पानसुपारी झाली. अट एकच, मिशी लग्नापर्यंत आहे तशीच ठेवायची, म्हणजे बाकीच्या नातेवाइकांनाही पाहता येईल. शालिकराम घळाघळा रडला. रुपरावांनी दुपट्ट्याच्या टोकाने त्याचे डोळे पुसले आणि त्याच टोकाने सवयीने मिशीही.

सोमवारी मी अहवाल पुरा करायला त्याच ओसरीवर बसलो होतो. शालिकरामची मुलगी चहा घेऊन आली आणि मला म्हणाली की हा रंग बाबाच्या कारखान्यातल्या फळीवरच्या डब्यातल्या, रंग काढायच्या पुडीने तासाभरात गेला असता. बाबाच्या हातून दर आठवड्याला सुताच्या दोन-चार लडी बिघडतात, त्यांचा रंग तीच उतरवते आणि नव्याने चढवते; सहा वर्षे झाली. बाबाला वाटते त्याची लड कधी बिघडतच नाही. मी दारावरच्या पाटीकडे पाहिले आणि चहा खाली ठेवला.

‘‘मंग सांगितलं काहून नाही, वं?’’

‘‘सांगून राहिली होती ना, काकाजी, दोनदा. तुम्हीच म्हनले, पोरीच्या जातीनं मिशीत बोलू नाही.’’

इतिवृत्त उघडून पाहिले. ठराव क्रमांक सात, सूचक मी. मग काहीतरी बोलायचे म्हणून विचारले की स्थळ तुला पसंत आहे ना. तिने खाली ठेवलेला चहा पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

‘‘तो मुलगा हात धुवाले आडावर आला होता. त्यानं मले माहं नाव इचारलं. पाच जागचे पाहुणे आले, काकाजी, आजोबाचं इचारलं, बाबाचं इचारलं, माग किती ते इचारलं. नाव यानंच इचारलं. म्हनून मी मनात हो म्हनलं.’’

ती आत गेल्यावर मी तिच्या आभाराचा ठराव लिहायला घेतला. ‘कुमारी’ एवढे लिहिले आणि टाक थांबला. अठरा वर्षे भिंतीला भिंत लागून राहतो, ती रांगत माझ्या घरात यायची. पोरी, बेटी, शालिकची पोरगी. लाज वाटली, खरे सांगतो, आणि आता नाव विचारायचे तर त्याहून जास्त वाटली. शेवटी ‘कुमारी’ खोडून ‘शालिकरामची मुलगी’ असे लिहिले आणि खाली सही केली.

वाचक मला हसत असतील. हसावे. त्यांनी माझ्याबरोबर पाच दिवस ती मिशी उजेडात धरून पाहिली, लिंबे मोजली, धोब्याचे नाव ऐकले, म्हाताऱ्याचे वय लक्षात ठेवले, मिशी काढून का टाकली नाही असेही मध्येच विचारले. दुसरे काही विचारल्याचे माझ्या नोंदीत नाही. आता विचारू नये. सभा संपल्यानंतर आलेले प्रश्न इतिवृत्तात घेण्याची आमच्या सोसायटीची पद्धत नाही.