महादेवप्पांचे स्पॅनिश टॉवेल

महादेवप्पांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! असे खुद्द महादेवप्पाच सांगत, आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या त्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात ते ऐकल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे.

अशा माणसाला इंग्लंडहून एका साहेबाचा मेल आला. स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर गमतीचे टॉवेल विकायचे आहेत. इंग्रजीत ज्याला 'सकर' म्हणतात, त्याला स्पॅनिशमध्ये जे म्हणत असतील ते मधोमध ठळक विणून द्या. शब्दही तुम्हीच शोधा!

पुतणी राजनंदिनी मोबाइलवर स्पॅनिश शिकत होती. तिला बोलावणे गेले.

"काका, सकर म्हणजे कुणीही यावं आणि गंडवून जावं असा भोळसट."

"मग सांग की एक शब्द. येवढा इचार कशापायी?"

"मेक्सिकोत वेगळा म्हणतात, अर्जेंटिनात वेगळा..."

"बावळट सगळीकडं सारकाच असतोय! स्पेनचा सांग."

"पार्दियो. पण काका, त्यांनी ॲडव्हान्स पाठवलाय का?"

महादेवप्पा भडकले. "मला शिकवतीस? साहेब हाय त्यो! मेलमदी 'डिअर सर' लिवलंय!"

दोनशे टॉवेल विणून झाले आणि साहेब कापरासारखा उडाला! मेल परत येऊ लागले, फोन लागेना. महादेवप्पांनी इंग्रजांना दीडशे वर्षांच्या साचलेल्या शिव्या एका दुपारी दिल्या. घराबाहेर मात्र अवाक्षर काढले नाही.

तेवढ्यात मुलीचा, महेश्वरीचा, साखरपुडा ठरला. अक्कलकोटचे पाहुणे, चाळीस पुरुषमाणसे, म्हणजे चाळीस टॉवेल-टोप्यांचा आहेर. महादेवप्पांचे डोळे चमकले.

"अवो, त्येच्यावर त्ये लिवलंय की!" बायको नागम्मा दचकली.

"अक्कलकोटात मराठी वाचत्यात, कन्नड वाचत्यात. स्पॅनिश कोण वाचतंय? नक्षी वाटंल, नक्षी!"

आहेर झाला. चाळीस खांद्यांवर चाळीस 'पार्दियो' झळकले. "डिझाइन फॉरेनचं दिसतंय!" व्याही सिद्धेश्वरअप्पा लई खूश. तेव्हा नवऱ्या मुलाची बहीण सोनम पुढे झाली, वडिलांच्या खांद्यावर मोबाइलचा कॅमेरा धरला आणि पडद्यावर आलेले भाषांतर खणखणीत आवाजात वाचून मोकळी झाली, "सहज फसणारा. भोळसट."



"आमी भोळसट?" सिद्धेश्वरअप्पा उठले. त्यांच्यामागे बाकीचे एकोणचाळीस टॉवेल उठले. "पावण्यांना बोलवून अंगावर लिवून देताय व्हय? चला रे, गाड्या काढा!"

महेश्वरीने बापाकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या पाण्यालाही उकळी फुटली होती.

महादेवप्पा हात जोडून वाटेत आडवे झाले, तोंड मिरची चावल्यासारखे करून. "पावणं, थांबा! त्यो शबुद तुमाला न्हाय... मला हाय. एका साहेबानं मला गंडवलं. दोनशे टॉवेल इणायला लावलं आन् पळाला."

"बिनॲडव्हान्सचं!" राजनंदिनीने मागून भर घातली.

 मग सिद्धेश्वरअप्पांचे पोट हलू लागले. हसता हसता त्यांनी आपला टॉवेल काढला, शब्द वर दिसेल अशी घडी घातली आणि महादेवप्पांच्या खांद्यावर चढवला. "मग मान तुमचाच की!"

मागे रांगच लागली. एकेक पाहुणा टॉवेल चढवी, वाकून नमस्कार करी आणि जेवणाच्या पंगतीकडे वळे. महेश्वरी पदरात तोंड खुपसून हसत होती.

शेवटी ढिगातून महादेवप्पांचे नाक तेवढे दिसत होते. तेही संतापाने लाल!

"सत्कारच करताय," आतून आवाज आला, "तर मग नारळ कुटं हाय?"