डी मारणारे डाखोळेभाऊ

डाखोळेभाऊंशी लांबलचक बोलायची सोय नव्हती. तिसऱ्या वाक्याला ते हात वर करत आणि म्हणत, "डी मार गा त्याले!"

हा 'डी' आमच्या कॉम्प्युटरचा. ऐंशीनंतर कधीतरी नागपूरच्या आमच्या सरकारी कचेरीत ते मशीन आलं. साहेबांनी नारळ फोडला, आम्ही चपला बाहेर काढल्या. मशीन मोठं घुमं होतं. फाईल उघडली तरी पडद्यावर ढिम्म काही दिसायचं नाही. ओळीचा नंबर टाकून 'पी' दाबा, तेव्हा ओळ दिसे. 'डी' दाबा, गायब. चुकलात तर नुसतं प्रश्नचिन्ह. आम्ही टरकून होतो. भाऊ मात्र खूश. "बिनकामाचं एक अक्षर बोलत नाही. हापिसात असा एक तरी माणूस हाय का?"

मशीनला देवनागरी येत नसे, सगळा कारभार इंग्रजीत. 'सविनय सादर' छापाचं इंग्रजी दिसलं की भाऊंचा डी. एकदा साहेबांच्या मुंबई दौऱ्याचा चार पानी अहवाल तीन ओळींत निघाला. मुंबईला गेलो. बैठक झाली. परत आलो. साहेब लालबुंद!

भाऊ म्हणाले, "साहेब, यातलं खोटं कोणतं ते सांगा. तेही काढून टाकतो."

पण या गृहस्थानं घरचं माणूसच डी मारलं होतं. थोरली मुलगी कुंदा. तिनं न विचारता परजातीत लग्न केलं, शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामामागं खोली घेतली. भाऊंनी तिचं नाव टाकलं.

त्याच आठवड्यात ते चहाला गेले असताना मी त्यांची एक फाईल उघडून पाहिली. भोचक आहे मी, खोटं कशाला बोलू! कुंदाला पत्र होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी. बासष्ट ओळी. नाक कापलं, आईला रडवलं, तू आम्हाले मेली. वाचवेना. पत्र पोस्टात काही गेलं नाही. मी मात्र अधूनमधून डोकावत राहिलो. दिवाळीनंतर 'मेली' गेलं होतं. होळीपर्यंत 'नाक' गेलं. ओळी चाळीस झाल्या, मग सतरा.

दीड वर्ष असंच गेलं. कुंदाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत, पण बोलावणार कोण? कुंदाच्या आईनं, आमच्या वहिनींनी, मला कचेरीच्या फाटकात गाठलं. "भाऊजी, त्यायले समजवा ना. पोरगी वाट पाहून राहिली."

मी गेलो समजवायला. तिसऱ्या वाक्याला डी! असा संताप आला म्हणता. फाईल पाहिली तर चार ओळी उरल्या होत्या आणि त्यात 'तुझं चुकलंच' ठाण मांडून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला कोपऱ्यात नेलं. हातात छापून काढलेला भला रुंद कागद होता.

"स्कूटर हाय ना तुझ्यापाशी? वाडीले जाऊन ये. पोस्टाचं काही खरं नाही."

मी तडक निघालो. ट्रकांची धूळ खात खोली शोधली. कुंदानं कागद उघडला. त्यावर मधोमध एकच ओळ होती. 'कुंदा, बाळंतपणाले घरी ये.'

तिनं कागद उलटून पाहिला. "काका, बाबानं एवढंच लिहिलं?"

"एवढंच. पण त्यायले दीड वर्ष लागलं वं, पोरी."

कुंदा भडाभडा रडली. मलाही राहवलं नाही. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "थांबा काका, पिशवी भरतो."