कर्नल जिना चढत नाही

एलादिओनं कपाट दोरीनं बांधलं, रंगाच्या डब्यातलं लिंबाचं झाड उचललं आणि म्हणाला, "आज काय वाटेल ते होवो, हे जमिनीत लागलंच पाहिजे."

झाड त्याच्या बायकोचं, ओदालिसचं. "याला माती पाहिजे रे," असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. ती गेली आणि एलादिओनं ठरवलं, चौथा मजला सोडायचा, अंगणाचं घर मिळवायचंच. हवानात तेव्हा घर माणसाच्या मालकीचं असे, पण विकायला बंदी. फक्त अदलाबदल करता येई.

मायामीतला भाऊ फोनवर चिडवायचा, "इथं घर सरळ विकत घेता येतं, दादा."

"हो, आणि तीस वर्षं बँकेचं राहतं! माझं निदान माझं आहे. त्यातून बाहेर तेवढं पडता येत नाही."

अख्खं शहर पालथं घातल्यावर त्याला सोराइदा सापडली, त्याच्याच इमारतीत, तळमजल्यावर, अंगणासकट. तिला समुद्राचा वारा हवा होता. पण तिच्याकडे कर्नल होता. त्या टंचाईच्या दिवसांत अर्ध्या गल्लीच्या न्हाणीघरांत डुकरं वाढत होती, कर्नल त्यांतला सगळ्यांत लठ्ठ.

अदलाबदलीच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर कर्नल जिन्यातच बसला. वरून एलादिओचं कपाट येत होतं, खालून सोराइदाचा पलंग. दोन्ही अडकले.

"अरे, मागून ढकला की!"

"ढकलतोय कुठला? तो माझ्या पायावर बसलाय!" पलंगाखालून शेजारी रिगोबेर्तो ओरडला.

"सोराइदाबाई, याला खालीच राहू द्या ना."

"कर्नल वर नाही, तर मीही नाही. मोडली अदलाबदल!"

तेवढ्यात कर्नलनं नाक वर केलं. एलादिओच्या हातात झाड होतं. एलादिओनं एक पान तोडून पुढे धरलं. कर्नल एक पायरी चढला.

सगळा जिना हसला. एलादिओ हसला नाही. "माफ कर गं," तो पुटपुटला आणि त्यानं दुसरं पान तोडलं.

शेवटचं पान चघळत कर्नल चौथ्या मजल्यावरच्या टबात शिरला. डब्यात नुसती काठी उरली.

"ही काठी लावणार?" रिगोबेर्तोनं विचारलं.

"लावणार."

त्यानं ती अंगणात लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर कर्नल काठीशेजारी घोरत पडलेला. चार मजले एकटा उतरून आला होता. आता वर न्यायला एकही पान शिल्लक नव्हतं.

"घरं आपण बदलली," सोराइदा म्हणाली, "त्याला कुणी विचारलं होतं?"

कर्नल अंगणातच राहिला. सोराइदा रोज उष्टं-खरकटं घेऊन खाली यायची, मग कॉफीला थांबायची. समुद्राच्या वाऱ्याचं तिनं पुन्हा नावही काढलं नाही. कर्नलनं मात्र काठीला भरपूर खत दिलं.

एका सकाळी एलादिओ जिन्यात धावत आला. "सोराइदाबाई! पालवी फुटली!"

चौथ्या मजल्यावरून घाईघाईनं उत्तर आलं, "आधी झाकून ठेवा! कर्नलनं पाहिली तर पानामागे पुन्हा वर चढून येईल, मग मी खाली कशाला येऊ?"