कानसेनांच्या कानांची परीक्षा

"डोळे बांधा, भिंतीकडे तोंड करून बसवा, काय वाटेल ते करा," कानसेन जावयांना म्हणाले. "सीडी कुठली आणि मोबाईल कुठला, हे मी दहा सेकंदांत सांगतो. नाही सांगता आलं, तर चारशे बारा सीड्या माझ्या हाताने माळ्यावर टाकीन."

हे बोलायची खरं तर काही गरज नव्हती. नात कॉलेजसाठी आजोळी राहायला आली होती, तिच्या पुस्तकांना कपाट हवं होतं आणि कपाटात सीड्या होत्या, एवढीच गोष्ट. तिला पोचवायला आलेले जावई सहज म्हणाले, की हल्ली हेच सगळं मोबाईलवर मिळतं आणि तितकंच छान वाजतं. त्या 'तितकंच'ने घात केला. कानसेनांना कुणीतरी नव्या चपलेवर पाय दिल्यासारखं झालं.

एकतीस वर्षं त्यांनी रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेमागे काढली होती. टिकटिक माइकमध्ये येते म्हणून भल्याभल्या वादकांना त्यांनी मनगटावरचं घड्याळ उतरवायला लावलं होतं. कानसेन हे नाव तिथलंच. निवृत्तीच्या दिवशी ते नाव शालीसारखं अंगावर घेऊन कानसेन घरी आले. आता अशा माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं, की तीन महिन्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक आलेख ठेवला आणि त्यातली रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली होती?

त्यांनी सांगितलंच नाही. बायकोलासुद्धा नाही. बँकेत जाऊन येतो म्हणून निघाले आणि दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी, कातडीच्या रंगाची श्रवणयंत्रं बसवून परतले. ती दिसू नयेत म्हणून केस वाढवले. श्रवण केंद्रातल्या बाईंनी यंत्रं त्यांच्या मोबाईलला जोडून दिली, ती कशी वापरायची हेही सविस्तर समजावलं. पण 'पुन्हा सांगता का' म्हटलं, तर बाईंना आपण बहिरे वाटू, या लाजेने कानसेन नुसती मान हलवत राहिले. मोबाईलला ते एरवी हातही लावत नसत.

नशिबाने घरात कुणाला संशय आला नाही. त्यात बायकोने नेमकं त्याच सुमारास दुपारी बारापर्यंत मौनाचं व्रत धरलं. नेमधर्म तिचे पहिल्यापासूनच, पण हा नेम कडक. सकाळभर चकार शब्द नाही. येईल त्याला कानसेन कौतुकाने सांगत, की आमच्या घरात हल्ली सकाळी टाचणी पडली तरी ऐकू येते. टाचणी ऐकू येण्याचं त्यांना स्वतःलाच फार अप्रूप होतं.

साडेअकराला परीक्षा मांडली गेली. बायकोने मुकाट्याने आपला जाड पंचा आणून दिला. नातीने तो आजोबांच्या डोळ्यांवर बांधला. तुकडा कानसेनांनीच निवडला होता, त्यांनी स्वतः मुद्रित केलेलं बासरीवादन. त्यात चौथ्या मिनिटाला बासरीवाले श्वास घेतात आणि त्यांची खुर्ची करकरते. तेवढा एक आवाज त्या दिवशी कानसेनांच्या हातून निसटला होता. आयुष्यातली ती एकच चूक, आणि त्यांचा तिच्यावर फार जीव.

जावयांनी आधी सीडी लावली. स्पीकरमधून बासरी आली, पण पत्र्याच्या डब्यात बसून कुणी फुंकर मारावी तशी. चौथं मिनिट आलं नि गेलं, खुर्ची काही करकरली नाही. कानसेन मनातल्या मनात हसले. हाच मोबाईल.

मग जावयांनी मोबाईल घेतला. स्वतःच्या मोबाईलची बॅटरी संपत आली होती म्हणून सासऱ्यांचा घेतला, गाणं शोधलं आणि बटण दाबलं.

आणि कानसेनांच्या खांद्यावर येऊन कुणीतरी बासरी वाजवू लागलं. बोटं उचलल्याचा आवाज, ओठांचा आवाज, सगळं. चौथ्या मिनिटाला श्वास आला आणि पाठोपाठ, कित्येक वर्षांनी, खुर्ची करकरली. पंच्याखाली कानसेनांचे डोळे भरून आले.

"ऐका," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "याला म्हणतात सीडी. ऐकताय ना?"

त्यांना वाटलं, सगळे भारावले. ते मांडीवर ताल धरून डोलू लागले.

खोलीत मात्र अगदी चिडीचूप होतं. स्पीकरमधून हूं की चूं येत नव्हतं. डोळ्यांवर पंचा बांधून म्हातारा एकटाच डोलतोय आणि भिंतीला दाद देतोय, हे बघून नातीने स्पीकरला कान लावून पाहिला. जावई घाबरून मोबाईलचा आवाज वाढवत सुटले, तसे कानसेन म्हणाले, की जरा कमी करा, कान फाटतील. तेवढ्यात फोन वाजला आणि घाईघाईत त्यांनी तो बंद करायच्या ऐवजी घेतला.

बासरी थांबली. कानसेनांच्या अगदी जवळ एका बाईंचा आवाज आला.

"नमस्कार सर, श्रवण केंद्रातून बोलतेय. मशीन नीट चालतंय ना?"

कानसेन ताडकन उठले. बाई घरी आल्या! तेही जावयांच्या समोर!

"मॅडम, हळू बोला," ते कुजबुजले. त्यांची कुजबुज शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढी होती. "घरात कुणाला माहीत नाहीये."

"कानातला मळ साफ करता ना सर?"

"रोज करतो. तुम्ही आधी बाहेर चला बघू, माझ्या बायकोसमोर नको." असं म्हणत त्यांनी चाचपडत समोरचा दंड पकडला आणि दाराकडे ओढायला सुरुवात केली. दंड चांगलाच केसाळ होता. कानसेन थबकले. त्यांनी पंचा वर सरकवला.

हातात जावयांचा दंड होता. जावयांच्या हातात मोबाईल होता. बाई कुठेच नव्हत्या.

"आजोबा," नात अगदी हळू म्हणाली, "दुसरं गाणं आम्हाला कुणालाच ऐकू नाही आलं."

म्हणजे गाणं थेट यंत्रात वाजलं होतं. म्हणजे ज्याला सीडी म्हणून डोळे भरून आले, तो मोबाईल होता. कानसेनांनी कुणाकडेही न बघता दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली. कान लाल झाले होते आणि ते झाकायला वाढवलेले केसही आता पुरेनात. ते कपाटाशी गेले आणि सीड्या खाली काढू लागले. जावई नको नको म्हणत होते, पण ते ऐकायला कानांत काही नव्हतं.

घड्याळात बाराचे ठोके पडले. बायको उठली, टेबलावरची यंत्रं उचलून तिने नवऱ्याच्या हातात दिली आणि ती घातली जाईपर्यंत थांबली.

"अहो, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"कसं?"

"तुम्ही बँकेतून आलात. मी ओट्याशी नेहमीसारखी तुमच्या नावाने पुटपुटत होते, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतून विचारलंत, 'काय म्हणालीस?' तीस वर्षांत पहिल्यांदा." तिने मान खाली घातली. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी देवापुढे बसले आणि मौन धरलं."

कानसेनांच्या हातातली सीडी हातातच राहिली. तीस वर्षं ही बाई काय काय म्हणाली असेल, याचा हिशेब त्यांना लागेना.

"असं काय पुटपुटायचीस गं?" त्यांनी भीत भीत विचारलं.

बायकोने एकदा जावयांकडे पाहिलं, एकदा नातीकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

"सांगेन ना," ती म्हणाली. "उद्या सकाळी."