एक टक्क्याच्या सासूबाई

कंपनी कशी काढायची, हे एवारिस्तो सामानिएगोला कुणी शिकवायची गरज नव्हती. मेक्सिकोत, साल्तियोला त्याने एक सोडून तीन कंपन्या काढल्या होत्या. आधी फरशांची, मग बर्फाची, मग मालवाहतुकीची. तिन्ही बुडाल्या ही गोष्ट वेगळी, पण त्यात कागदपत्रांचा काही दोष नव्हता. कागद कसे लख्ख होते.

त्यामुळे बावन्नाव्या वर्षी बेकरी काढायची म्हणून तो अमेरिकेत, सॅन अँटोनिओत वकीलबाई सुलेमा रेंतेरियांसमोर बसला, तेव्हा तो विचारायला कमी आणि सांगायलाच जास्त आला होता. सीमेपलीकडून आलेल्या माणसांना इथे धंदा थाटून देण्यात बाईंची वीस वर्षं गेली होती. असे ज्ञानी त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"भागीदार किती?" त्यांनी विचारलं.

"दोन. मी नव्व्याण्णव टक्के, सासूबाई एक टक्का."

"टेक्सासमध्ये एकट्याची कंपनी चालते. दुसरं कुणी लागत नाही."

"बाई, एकट्याचं दुकान असतं," एवारिस्तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "कंपनीला दोन माणसं लागतात."

तिकडे मेक्सिकोत कायदाच तसा होता, म्हणून जो तो घरातलं एखादं माणूस कागदावर बसवून मोकळा व्हायचा. कुणी मेहुण्याला बसवी, कुणी बायकोला. एवारिस्तोची बायको ओतिलिया सही करण्याआधी वाचते, म्हणून तिला त्याने कधी भागीदार केलं नाही. सासूबाई ब्राउलिया, ज्यांना सगळे मानाने दोन्या म्हणत, उजव्या हाताने कढईतलं ढवळत डाव्या हाताने सही करायच्या आणि कागद परत देताना एवढंच म्हणायच्या, "तेल लागलं असेल, पुसून घे." वीस वर्षांत त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता. यापेक्षा चांगला भागीदार कुठे मिळणार?

"आणि निर्णय कसे घ्यायचे? तुमच्या नव्व्याण्णव टक्क्यांनी चालेल?" वकीलबाईंनी पुढे विचारलं.

"नको नको. सर्वानुमते लिहा. भारदस्त दिसतं."

"नीट विचार केलाय ना?"

"आमच्याकडे वीस वर्षं सगळं सर्वानुमतेच झालंय," एवारिस्तो अभिमानाने म्हणाला.

ते खरंही होतं. दर वर्षी साल्तियोचा हिशेबनीस रेमिहिओ भागीदारांच्या सभेचं इतिवृत्त टाइप करायचा. सभा कधी भरायची नाही, पण इतिवृत्तात ती दहाच्या ठोक्याला भरलेली असायची, सगळे हजर असायचे आणि ठराव टाळ्यांच्या गजरात पास व्हायचे. तिकडे सगळेच तसं करत. त्यात कुणाला खोटेपणा वाटत नसे.

या वेळी मात्र मामला अटीतटीचा होता. बेकरीसाठी जागा मिळाली होती, कोपऱ्यावरची, भट्टीसकट. शुक्रवारी पाचपर्यंत भाडेकरार झाला नाही, तर मालक ती नखं रंगवणाऱ्या एका बाईला देणार होता. करार नसेल तर गुंतवणूकदाराच्या व्हिसाचा अर्ज जाणार नव्हता, आणि महिनाअखेर अर्ज गेला नाही की बिऱ्हाड उचलून पुन्हा साल्तियो. तिथे परत जाऊन चौथी कंपनी बुडवण्याची ताकद आता त्याच्यात उरली नव्हती. मंगळवारी दुपारी त्याने स्वतःच झटकन एक इतिवृत्त टाइप केलं आणि बुधवारी सासूबाईंना सहीसाठी वकीलबाईंकडे घेऊन गेला.

वकीलबाईंची एक पद्धत होती. प्रत्येक भागीदाराशी त्या स्वतंत्रपणे बोलत. एवारिस्तोला बाहेर बसवून त्यांनी दार लावून घेतलं आणि कागद मोठ्याने वाचला.

"'मंगळवारी सकाळी दहा वाजता सभा झाली. दोन्या ब्राउलिया यांनी सविस्तर भाषण करून नव्या जागेचं कौतुक केलं.' बरोबर आहे ना, दोन्या?"

दोन्या ब्राउलिया चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, पण मंगळवार त्यांच्या चांगला लक्षात होता. "मंगळवारी दहाला मी दातांच्या डॉक्टरकडे होते. तोंडात हा एवढा कापूस. मी काय भाषण करणार?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी सासूबाईंना शांतपणे समजावून सांगितलं, की एक टक्का म्हणजे काय, सर्वानुमते म्हणजे काय, आणि त्यांच्या होकाराशिवाय एवारिस्तोला या कंपनीच्या नावावर झाडूसुद्धा विकत घेता येणार नाही.

"साल्तियोच्या कंपन्यांतही मला असं बोलता येत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नक्कीच."

"आणि मी बोलले होते?"

"ते मला कसं ठाऊक असणार? त्यांची इतिवृत्तं असतील."

इतिवृत्तं होती. रेमिहिओ सासूबाईंचा मानलेला मुलगा. आपल्या कामाची कुणी विचारपूस केली याचाच त्याला इतका आनंद झाला, की त्याच रात्री त्याने वीस वर्षांची सगळी पानं फोनवर पाठवून दिली.

गुरुवारी सासूबाईंनी स्वयंपाक केला नाही. चष्मा लावून त्या खिडकीशी फोन वाचत बसल्या. एवारिस्तोने ओतिलियाला कोपऱ्यात गाठलं.

"तुझ्या आईला जरा समजाव."

"मी काय बोलणार? मी कुठे भागीदार आहे?" ओतिलिया म्हणाली आणि तिने सँडविच करायला घेतलं, स्वतःपुरतं.

संध्याकाळी सासूबाईंनी निरोप धाडला, तोही त्याच घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. उद्या दोन वाजता वकीलबाईंकडे सभा घे. खरी.

शुक्रवारी वकीलबाईंसह तिघं टेबलाभोवती बसली. एवारिस्तोने कोट घातला होता. सासूबाईंनी पर्समधून फोन काढला आणि संथपणे वाचायला सुरुवात केली.

"'चौदा मार्च, सकाळी दहा वाजता. बर्फ कंपनीची वार्षिक सभा. दोन्या ब्राउलिया जातीने हजर. सरत्या वर्षाबद्दल त्यांनी मनापासून समाधान व्यक्त केलं.'" त्यांनी फोन खाली ठेवला. "त्या वर्षी चौदा मार्चला सकाळी दहाला काय होतं, एवारिस्तो?"

त्याला आठवायला वेळ लागला नाही. चौदा मार्चला दहा वाजता सासरे आन्सेल्मो यांची अंत्ययात्रा चर्चमधून निघाली होती.

"तू कुठे होतास?"

"मी... मी पेटीला खांदा दिला होता, सासूबाई. डावीकडून, पुढे."

"इथे तर लिहिलंय की तू सभेचा अध्यक्ष होतास."

"तारीख रेमिहिओने टाकली. मी न वाचताच सही केली."

"म्हणजे तूही वाचत नव्हतास," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटत होतं, निदान घरात एक जण तरी वाचतोय. त्या भरवशावर मी वीस वर्षं ढवळत बसले."

एवारिस्तोला फार लाज वाटली. खांदा दिलेला तो दिवस त्याला लख्ख आठवत होता, पेटीच्या कडेने खांद्यावर उठलेला वळसुद्धा. आणि आपल्याच सहीने त्या दिवशी या बाईला टेबलाशी बसवून खूश करून टाकलं होतं. त्याने माफी मागितली. नेहमीच्या घाईने नाही. सासूबाईंनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

"पुढचा विषय," त्या म्हणाल्या. "भाडेकरार वाचा, बाई."

"सगळा? एकतीस पानं आहेत."

"मला तीन कंपन्यांचं राहिलेलं वाचायचंय. एकतीस म्हणजे काहीच नाही."

वकीलबाई एकेक इंग्रजी कलम स्पॅनिशमध्ये सोपं करून सांगत गेल्या. एवारिस्तोचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलेले होते. तीन वाजले. साडेतीन. चारला दहा मिनिटं असताना वकीलबाई बाविसाव्या पानावर आल्या. "जागेत कोणतंही मद्य आणू, साठवू किंवा वापरू नये."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

एवारिस्तोने कपाळावर हात मारून घेतला. त्यांचा पाव साल्तियोचा, पुल्केचा. घायपाताचा रस आंबवून केलेली ती दारू पिठात पडल्याशिवाय तो पाव फुगतच नाही. गावभर त्याचं नाव होतं आणि ती कृती सासूबाईंची होती.

"पीठ कशाने फुगवायचं ठरवलं होतंस, एवारिस्तो? भाषणांनी?"

हा करार त्याने सोमवारीच सही करून ठेवला होता. फक्त सासूबाईंच्या सहीची जागा रिकामी होती.

वकीलबाईंनी मालकाच्या माणसाला फोन लावला. तो आधी हसला, मग वैतागला, मग "मालकांना विचारतो" म्हणून गायब झाला. चाळीस मिनिटं एवारिस्तो येरझारा घालत होता आणि सासूबाई पाणी पीत उरलेली नऊ पानं ऐकत होत्या. पाचला वीस मिनिटं असताना दुरुस्ती आली. पिठात घालण्यापुरती पुल्के चालेल.

"मग झालं तर?" एवारिस्तोने पेन पुढे केलं. "सासूबाई, करा सही."

"हे विचारतोयस की सांगतोयस?"

त्याने पेन टेबलावर ठेवलं. घसा खाकरला. एवढं साधं वाक्य, पण ते त्याच्या तोंडून याआधी कधी निघालं नव्हतं, त्यामुळे जरा अडखळतच आलं.

"विचारतोय. ही जागा घ्यावी का? तुम्हाला काय वाटतं?"

सासूबाईंनी हात मांडीवर जुळवले आणि विचार केला. चांगला सहा मिनिटं केला. त्या सहा मिनिटांत एवारिस्तोने मनातल्या मनात दोनदा बिऱ्हाड बांधलं आणि सीमा ओलांडली.

"घ्यावी," त्या अखेर म्हणाल्या. "पिठाचं टेबल मागे, सावलीत. आणि पहाटे भट्टी मी पेटवणार."

त्यांनी सही केली, उजव्या हाताने, नाव पूर्ण लिहून. वकीलबाईंनी करार मालकाकडे पाठवला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. ओतिलियाला फोन झाला. वकीलबाईंनीसुद्धा खुर्चीला पाठ टेकली.

"उत्तम सभा झाली," त्या म्हणाल्या. "आता आजचं इतिवृत्त तेवढं लिहून द्या, म्हणजे फाइल पूर्ण होईल."

एवारिस्तोचा हात सवयीने कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. घडी केलेला कागद अर्धा बाहेर आला, आणि तिथेच थांबला. सकाळीच टाइप करून ठेवलं होतं त्याने. त्यात सभा अडीच वाजताच संपली होती, दोन्या ब्राउलिया यांनी भाषण करून जावयाचे आभार मानले होते.

तो कागद हळूच आत सरकवू लागला.

"बघू," म्हणत सासूबाईंनी हात पुढे केला.