धानाची बंडी

दवनीवाड्यात माझ्याइतकं डोकं कुणालाच नाही, असं सगळं गाव म्हणतं! म्हणजे मी म्हणतो, गाव ऐकून घेतं. म्हणूनच आमचा सुखराम पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढाईला गेला, त्याच दिवशी मी ठरवलं. जपान्याची गोळी अडवेल अशी वस्तू घरातूनच शोधून पोराला धाडायची!

त्याच्यावाचून घर खायला उठायचं. माझी बायको धुरपता जेवताना अजून त्याचं ताट मांडायची आणि मुकाट्यानं उचलायची. मला ते बघवत नसे.

शेजारच्या बकारामकडे रानडुकरांसाठी भरमार बंदूक होती. त्याला खळ्यावर आणलं. धानाच्या पोत्याला टेकवून पितळी परात ठेवली. धाड! आरपार!

"माह्या माहेरची परात!" धुरपता ओरडली.

"अव, पोरापेक्षा परात मोठी हाय का?"

मग भिंतीशी पाट ठेवला, त्याच्या दोन फळ्या झाल्या. तवा ठेवला, तर गोळी त्यावरून उसळली आणि वाटेनं जाणाऱ्या मालगुजार केशोरावांची पगडी उडवून गेली!

"जपानी आले!" म्हणत केशोराव धानाच्या तणसाच्या ढिगात शिरले. पाय धरून ओढावं लागलं!

"काऊन गा, मारून राहिला का मले?"

"नाई मालक, पोराले वाचवून राहिलो!"

एवढ्यात बकाराम म्हणाला, "परातीतली गोळी गेली कुठं?" पोतं उपसलं. गोळी धानात रुतून बसलेली! मी तिथंच नाचलो.

धुरपतानं मांजरपाटाची दुहेरी बंडी शिवली. आत घरचं सालासकट धान भरायला सांगून मी मोकळा झालो.

"आता बंडीवर एक बार टाकून पाहू का?" बकारामनं विचारलं.

"पोराच्या मापाची हाय ते," धुरपता म्हणाली. "तिले भोक नाई पडू देणार मी."

बंडी धाडल्यावर दोन महिन्यांनी सुखरामचं पत्र आलं. मास्तरांनी वाचलं.

"बा, बंडी भेटली. इथं रोज सुक्या रोट्या खाऊन राहिलो. बंडी उसवली, तर आत घरचा तांदूळ! चौघांनी दोन दिवस भात खाल्ला. वास आला अन् रडूच आलं."

"तांदूळ?" मी उडालोच. "मी धान सांगितलं होतं!"

"मंग तिथं त्याले धान कोन कांडून देईल?" धुरपता म्हणाली.

पत्राच्या शेवटी होतं, "दुसरी बंडी लवकर धाडा. या बारीले बाह्या बी लावा."

तेव्हा माझं डोकं राहू द्या, सध्या माझ्या हातांना काम आहे. मी हात पसरून अंगणात उभा आहे आणि धुरपता बाह्यांचं माप घेते आहे. "त्याचा हात तुमच्याहून लांब हाय," म्हणते, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते.