आबांच्या फियाटचं ब्रेक ऑइल

तेलातलं मला कुणी काही सांगू नये. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर मी बावीस वर्षं सांभाळतोय. डबा न उघडता, नुसता कानाशी हलवून आत कुठलं तेल आहे ते सांगतो. आजपर्यंत दोनदाच चुकलोय, आणि त्यातला एक डबा रिकामा होता.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यावरून तुमचा गैरसमज व्हायला नको.

आमचे सासरे आनंदराव आबा, वडगाव रासाईचे. त्यांच्याकडं अठ्ठ्याहत्तर सालची क्रीम रंगाची फियाट आहे. आबा पंधरा वर्षं साखर कारखान्याचे संचालक होते. सर्वसाधारण सभेला ही गाडी गेटातून आत शिरली की माणसं बिडी विझवून उभी राहायची म्हणे. आता संचालकपद गेलं. मागच्या सभेला गेटवरच्या वॉचमननं त्यांना विचारलं, "बाबा, कुणाकडं आलाय?" ते आबांच्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आबांना दोन्ही मुलीच. थोरली मोनाली माझ्या पदरात, म्हणजे मी तिच्या. धाकटी राजनंदिनी, ती पाटसच्या विश्वजीतला दिलेली. हा विश्वजीत माझा साडू. दोन ट्रॅक्टर, एक जेसीबी, आणि सगळ्या जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा चेहरा. तसा साडू म्हणजे भावासारखाच असतो, सासऱ्याची एखादी वस्तू मध्ये येईपर्यंत.

यंदा नागपंचमीला पोरी माहेरी आल्या तेव्हा आम्हीही जेवायला गेलो. ताटावरच आबांनी वस्तू मध्ये आणली.

"जावईबापू, माझ्या डोळ्याला आता धुरकट दिसतंय. यंदाच्या सभेला तुम्ही दोघं मला न्या. जाताना थोरलं चालवतील, येताना धाकटं. वॉचमन उठून उभा राह्यला पायजे. माझी लाज ज्याच्या हातनं राहील, त्याच्या दारात गाडी."

विश्वजीतनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं एक पुरणाचं दिंड वाढलं. इथून आमचं युद्ध सुरू झालं.

केडगावला घरी आल्या आल्या मी गाडीसाठी पत्र्याचं शेड मारून घेतलं. मोनाली दारात उभी राहून बघत होती.

"गाडी कुठं हाय?"

"येईल की."

"बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी," ती म्हणाली आणि आत गेली.

सभेच्या आठवडाभर आधी मी वडगावला जाऊन गाडी सुरू केली. इंजिन दुसऱ्या किल्लीला चालू झालं. ब्रेक मात्र दाबला की पाय थेट तळाला. वर्षभर उभी राहून ब्रेक ऑइल उतरलं होतं. एवढंच काम, आणि तेही माझ्या खात्यातलं. तरी चार लोकांचं मत असू द्यावं म्हणून केडगावच्या सम्राट मेकॅनिकला विचारलं.

"दाजी, जुन्या गाडीला तीन नंबर टाका," तो म्हणाला. "जुनं सगळं काढा, तीन नंबर भरा, पायपातली हवा काढा. संपलं."

"तीनच्या वरचं नाही का?"

"चार येतं. पाचबी येतं. पण तुमाला तीनच पायजे."

हे ऐकून मला सम्राटची कीव आली. बिचाऱ्याच्या दुकानात तीनच असणार. अहो, तीन जर ब्रेक लावत असेल तर पाच किती लावेल? पहिली ते पाचवी शिकलेला माणूस तिसरीत शाळा सोडलेल्यापेक्षा हुशार असतो, हे सांगायला मेकॅनिक कशाला पाहिजे? मी मोबाईलवरून पाच नंबर मागवलं. पुण्यातही सहज मिळत नाही असं. बाटली आली, उघडली, आत जांभळं तेल. इतकं देखणं की गाडीत घालण्यापेक्षा देवापुढं ठेवावं.

"सम्राटनं तीन सांगितलं होतं ना?" मोनालीनं विचारलं.

"तीन जुनं झालं."

"गाडीबी जुनीच हाय."

बायकांना तेलातलं काय कळतंय, असं मी म्हणालो नाही. पण तसं तोंड केलं.

सभेच्या आदल्या दिवशी मी वडगावला जाऊन बोनेट उघडलं आणि जांभळं तेल ब्रेकच्या टाकीत ओतलं. खाली थोडं जुनं राहिलं होतं. ते तसंच राहू दिलं, म्हटलं पाच नंबर त्याला सांभाळून घेईल. ब्रेक दाबून पाहिला तर लागला, पण गादीवर पाय दिल्यासारखा. आबांनी विचारलं, "हे असं मऊ का?"

"नवीन पद्धत आहे, आबा. पायाला त्रास नको म्हणून."

दुपारी जेवून मी जरा आडवा झालो. नेमका त्याच वेळी विश्वजीत राजनंदिनीला घेऊन आला. हे मला नंतर कळलं. त्यानं ब्रेक दाबला, बोनेट उघडलं, जांभळं तेल पाहिलं आणि राजनंदिनीला म्हणाला, "दाजींनी सरबत ओतलंय." मग त्यानं पिचकारीनं माझं तेल उपसलं आणि आबांच्या शेडातल्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल भरलं. त्याचा हिशेब असा, की जे तेल उसानं भरलेली ट्रॉली उचलतं, त्याला फियाट थांबवायला काय होतंय. शिवाय हे सगळं माझ्या नकळत करायचं, म्हणजे सभेत ब्रेक चांगला लागला की तो निवांतपणे आबांना सांगणार, "हे काम माझं." भरून झाल्यावर हवा काढली आणि शहाजोगपणे येऊन माझ्या शेजारीच झोपला.

मी उठल्यावर ब्रेक दाबला. कडक! मला वाटलं, पाच नंबर आता मुरलं.

रविवारी सकाळी आबांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, फेटा बांधला आणि पुढं बसले. मी गाडी चालवायला, विश्वजीत मागं. वडगाव सोडलं तेव्हा गाडी मजेत पळत होती. पण दर ब्रेकनंतर ती जरा जड व्हायची. सहा-सात किलोमीटरवर तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आलो. पुढं एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि जाताना त्यानं आबांना नमस्कारही केला.

"मागनं कुणी धरलंय का?" आबांनी विचारलं.

"पाच नंबर आहे, आबा. घट्ट धरतं," मी म्हणालो. चाकांतून जळका वास येत होता. विश्वजीत खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता.

कारखान्याच्या गेटात पुढची चाकं शिरली. वॉचमन दिसला म्हणून मी रुबाबात ब्रेक मारला. गाडी थांबली ती थांबलीच. पाय काढला तरी ब्रेक सुटेना. पहिला टाकला, रिव्हर्स टाकला, इंजिन बोंबललं, पण गाडी तसूभर हलली नाही. अर्धी आत, अर्धी बाहेर. मागं चेअरमनची गाडी येऊन उभी राहिली. तिच्या मागं सगळे संचालक. त्यांच्या मागं सभासदांच्या मोटारसायकली, पार रस्त्यापर्यंत.

हॉर्न सुरू झाले. शेड, गाडी, आबांची लाज, सगळं त्या गेटात अडकलं होतं.

तेवढ्यात वडगावचा ज्योतिबा गर्दीतून पुढं आला. यानं आयुष्यात तीन उपोषणं केली, तिन्ही संध्याकाळच्या जेवणाआधी सुटली. त्यानं आडवी गाडी बघितली, आत ताठ बसलेले आबा बघितले, आणि दोन्ही हात वर केले.

"आबांनी गेट अडवलं रं! बसा खाली!"

बघता बघता शंभर माणसं गाडीभोवती बसली. घोषणा सुरू झाल्या.

"काय म्हणत्यात?" आबांनी मला विचारलं.

"तुमचं नाव घेतायत."

आबांनी फेटा सारखा केला. चेअरमन हात जोडून खिडकीशी आले. "आबा, सभेची वेळ झाली. गाडी बाजूला घ्या."

मी आबांच्या कानाशी लागलो, "आबा, गाडी हलतच नाही."

"गप बसा. मला कळतंय," आबा पुटपुटले, आणि मग मोठ्यानं म्हणाले, "न्हाई घेणार. आमच्या गावाला ऊसतोड दरसाल शेवटी येती. उन्हानं ऊस वाळून जातो. पैलं त्याचं बोला."

अर्धा तास बोलाबोली झाली. शेवटी चेअरमननी सगळ्यांसमोर सांगितलं, की यंदा वडगावला तोड डिसेंबरात येईल, आणि तसं लिहूनही दिलं. टाळ्या पडल्या. ज्योतिबानं आबांच्या गळ्यात चेअरमनसाठी आणलेला हार घातला.

"आता घ्या बाजूला," चेअरमन म्हणाले.

"जावईबापू, घ्या."

मी जीव खाऊन ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागच्या जागी.

चेअरमनचा चेहरा उतरला. "आबा, अजून काय राह्यलं?"

आबांनी गळ्यातला हार चाचपला. मग ते म्हणाले, "आमच्या शिवारातला ऊस यायचा रस्ता."

तोही मंजूर झाला. मी परत दाबला. गाडी तशीच. चेअरमन रडकुंडीला आले. "आबा, तुम्ही माणूस आहात का कोण? सांगा तरी!"

आबांनी शांतपणे गेटाकडं बोट केलं. "तो वॉचमन मागच्या सभेला मला ओळखत नव्हता."

वॉचमन धावत आला आणि खाडकन सलाम ठोकून उभा राहिला. आबांचे डोळे भरले. मला मात्र कळत होतं, की आता मागायला काही उरलं नाही आणि गाडी अजून तिथंच आहे. मी ज्योतिबाच्या कानात सांगितलं, "आबांना मिरवायचं तर गाडीसकट मिरवा." चाळीस जणांनी फियाट आबांसकट उचलली आणि सभेच्या मांडवाशेजारी नेऊन ठेवली. आबा आतून हात हलवत होते.

सभा संपल्यावर मी घाबरत मोनालीला फोन केला. ती सम्राटला घेऊन आली. सम्राटनं बोनेट उघडलं, टाकीत बोट बुडवून वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"दाजी, हे ट्रॅक्टरचं तेल हाय. ह्यानं आतली रबरं फुगत्यात. ब्रेक धरतो, सोडत न्हाई. कुणी घातलं?"

"दाजींनी घातलं," विश्वजीत पटकन म्हणाला.

"मी पाच नंबर घातलं होतं!"

"भांडू नका," आबा म्हणाले. "ज्यानं घातलं त्याच्यामुळं आज माझी लाज राह्यली. कोण ते सांगा, गाडी त्याची."

"मी घातलं," विश्वजीत म्हणाला.

"सुरुवात मी केली होती," मी म्हणालो. "माझं नसतं तर त्यानं हात तरी लावला असता का?"

आबा मोनालीकडं वळले. "पोरी, बोनेटची आतली बाजू पूस."

मोनालीनं फडक्यानं वर्षानुवर्षांची धूळ आणि जाळी पुसली. आम्ही दोघांनी बोनेट उघडलं होतं, पण दोघांनीही फक्त खाली बघितलं होतं. वर आबांच्या हातानं पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, "ब्रेकला ३ नंबर. जावयाने हात लावू नये." शेजारी तारीख होती, माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची.

विश्वजीत मोठ्यानं हसला. मोनालीनं अजून एकदा फडकं फिरवलं. खाली, जरा नव्या लाल रंगात एक ओळ होती.

"धाकट्यानेही."

आबांनी किल्ली मोनालीच्या हातात दिली. ती लग्नाआधी हीच गाडी चालवायला शिकली होती, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेड काही वाया गेलं नाही. गाडी आता आमच्याच दारात उभी असते. मोनाली चालवते, मी मागं बसतो. तेव्हा तुम्हाला ब्रेक ऑइलचं काही विचारायचं असेल तर जरूर घरी या. ती सहाला येते.